नवजात बाळाची शय्या आणि आपली जयणा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त समाजबांधवांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या स्थापनेस पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत, ही आपणा सर्वांसाठी अभिमानाची आणि कृतज्ञतेची गोष्ट आहे. या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजामध्ये जन्माला येणाऱ्या प्रत्येक बालकास ट्रस्टतर्फे एक बाळंतविडा भेट द्यावा, असा स्तुत्य विचार विश्वस्त मंडळाने मांडला. मी कापडाचा व्यापारी, म्हणून त्यातील कापडचोपडाची निवड करण्याचे काम माझ्याकडे आले. बाजारातून नमुने मागवले. बहुतेक संचांत सॅटिनची फुगीर गादी, दोन बाजूंना दोन लोड, डोक्याखाली मोहरी भरलेली उशी आणि झालर लावलेली रजई अशी मांडणी होती. दिसायला ते सारे फार देखणे होते. मात्र बालरोगतज्ज्ञांचा आजचा सल्ला आणि ही मांडणी जेव्हा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा त्यातील जवळजवळ प्रत्येक वस्तू बाळाच्या निजण्याच्या जागी नसावी, असे स्पष्ट झाले. विश्वस्तांपुढे मी जे निवेदन केले, तेच आज अधिक विस्ताराने आपल्यापुढे ठेवीत आहे.

हा विषय स्त्रियांचा आहे, येथे कशाला, असे कोणाला वाटेल. माझे नम्र म्हणणे असे, की घरात बाळ कोठे निजावे, गादी कोणती घालावी, उशी द्यावी की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आपल्या कुटुंबांत अजूनही बहुतांशी आजी-आजोबांकडे असतो. नवी सून डॉक्टरांकडून काही ऐकून येते, पण घरातील वडीलधाऱ्यांपुढे ते बोलून दाखवणे तिला अवघड जाते. म्हणून हा विषय तिच्याइतकाच, किंबहुना अधिक, आपण साठी ओलांडलेल्यांचा आहे.

जयणा म्हणजे काय?

आपल्या धर्मात अहिंसेचा विचार केवळ मारणे आणि न मारणे एवढ्यापुरता मर्यादित नाही. तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण सांगताना आचार्यांनी प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, मूळ स्थान दिले आहे. पाच समितींपैकी आदाननिक्षेपण समिती तर वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून उचलावी, पाहून ठेवावी, एवढेच सांगते. साधू-साध्वी आपली वस्त्रे आणि उपकरणे वापरण्यापूर्वी प्रतिलेखन करतात, घडी उलगडून नीट निरखून पाहतात. ज्या समाजात एका सूक्ष्म जीवासाठी वस्त्र झटकण्यापूर्वी पाहिले जाते, त्या समाजात तीन किलो वजनाच्या, मान सावरता न येणाऱ्या जीवाला ठेवताना ती जागा किती निरखून पाहावयास हवी, हे मी वेगळे सांगावयास नको.

पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाच्या चोवीस तासांपैकी सुमारे १४ ते १७ तास झोपते. म्हणजे त्याचे दोन तृतीयांश आयुष्य त्या काळात अंथरुणातच जाते. त्याला कूस बदलता येत नाही, तोंडावर आलेले पांघरूण दूर सारता येत नाही, मान वाकडी होऊन श्वास अडला तर ती सरळ करता येत नाही. मोठ्या माणसाला जे सुखाचे वाटते, ते या जीवाला संकटाचे ठरू शकते.

एका चुकीच्या सल्ल्याचा इतिहास

बाळाला कसे निजवावे, याविषयी पाश्चात्त्य देशांत एक मोठा धडा घडला, तो आपण जाणून घेतला पाहिजे. अमेरिकेतील प्रसिद्ध बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक लक्षावधी घरांत वाचले जात असे. त्याच्या १९५८ च्या आवृत्तीत बाळाला पालथे निजवणे बरे, असा सल्ला होता. उताणे निजलेल्या बाळाला उलटी झाली तर ते गुदमरेल, ही त्यामागची भीती. हेतू अत्यंत शुद्ध होता आणि तर्कही पटण्यासारखा होता. तोच सल्ला पुढे अनेक देशांत अनेक वर्षे दिला गेला.

प्रत्यक्षात मात्र वरवर निरोगी दिसणारी बाळे झोपेतच अचानक दगावत होती आणि त्यांत पालथी निजवलेली बाळे अधिक होती. हे पुरावे एकत्र पाहिले गेले तेव्हा १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकाच्या आरंभी नेदरलँड्स, न्यूझीलंड, ब्रिटन या देशांत सल्ला बदलला. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने १९९२ मध्ये पालथे निजवू नये असे सांगितले आणि १९९४ पासून बाळांना पाठीवर निजवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. अमेरिकेत अशा अचानक बालमृत्यूंचे प्रमाण १९९० मध्ये दर लाख जन्मांमागे सुमारे १३० होते, ते २०२० मध्ये सुमारे ३८ वर आले. नव्या औषधाचा किंवा यंत्राचा शोध न लागता, प्रामुख्याने बाळाला ठेवण्याची पद्धत बदलल्याने हे घडले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रिटिश संशोधकांनी असे दाखवले, की उपलब्ध पुरावे १९७० मध्येच नीट तपासले गेले असते, तर युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बालके वाचू शकली असती.

बंधू-भगिनींनो, ही संख्या ऐकून मन विषण्ण होते. ज्यांनी बाळांना पालथे निजवले, त्या मातांच्या मनात वात्सल्यच होते. परंतु भाव शुद्ध असूनही डोळसपणा नसेल तर अनर्थ टळत नाही.

आता त्या मूळ भीतीविषयी. उताणे निजलेले बाळ उलटीने गुदमरत नाही का? आपली श्वासनलिका ही अन्ननलिकेच्या पुढच्या बाजूस असते. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली येते. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरण्यासाठी चढावे लागते, आणि बाळ ते गिळून टाकते किंवा तोंडावाटे बाहेर काढते. पालथ्या बाळात हाच क्रम उलटतो. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावा आणि मग पाठीवरच निजवावे. कुशीवर निजवणेही सुरक्षित नाही, कारण कुशीवरचे बाळ सहज पालथे होते. रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात अपुऱ्या दिवसांच्या बाळाला कधी पालथे ठेवलेले आपण पाहतो. तेथे त्याच्या श्वासावर आणि हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राचे अखंड लक्ष असते. घरी ते अनुकरणीय नाही.

सुरक्षित शय्येची लक्षणे

आजच्या वैद्यकीय सल्ल्याचे सार चार शब्दांत सांगता येते : पाठीवर, सपाट, घट्ट आणि मोकळी. बाळ पाठीवर असावे. पृष्ठभाग सपाट असावा, डोक्याकडून उंच केलेला नसावा. गादी घट्ट असावी. आणि जागा मोकळी असावी, म्हणजे तेथे उशी, लोड, रजई, कापडी बाहुली यांपैकी काहीही नसावे. या कसोटीवर आता आपल्या घरांतील एकेक वस्तू पाहू.

प्रथम गादी. नुकत्याच पिंजलेल्या कापसाची फुगीर गादी आपल्याला प्रेमाची खूण वाटते. पण तीत बाळाच्या वजनाने खळगा पडतो, आणि बाळाचे तोंड कडेला वळले तर नाक त्या खळग्यात दबते. परीक्षा सोपी आहे. गादीवर तळहात दाबून उचलावा. हाताचा ठसा राहिला तर ती गादी बाळासाठी नाही. जमिनीवर किंवा लाकडी दिवाणावर जाड सतरंजी आणि तिच्यावर घट्ट घडी घातलेली जुनी चादर, एवढेही बाळाला पुरते. पाळण्यात गादी घालावयाची तर ती पाळण्याच्या मापाचीच हवी. कडेला दोन बोटे शिरतील एवढी फट राहिली तर ती गादी लहान आहे असे समजावे.

दुसरी उशी. नवजात बाळाचे डोके त्याच्या शरीराच्या मानाने मोठे असते, एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश. त्याखाली उशी दिली की मान पुढे वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाचा मार्ग अरुंद होतो. मोहरीच्या उशीने डोके गोल होते ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. परंतु पहिल्या वर्षभर बाळाला कोणत्याच उशीची आवश्यकता नसते. शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकातोंडात जाण्याचा धोका वेगळाच. डोके एका बाजूने चपटे होऊ नये असे वाटत असेल तर त्याचे उपाय निराळे आहेत. बाळाला एक दिवस या बाजूला डोके, दुसऱ्या दिवशी त्या बाजूला डोके असे निजवावे. आणि ते जागे असताना, मोठ्या माणसाच्या नजरेसमोर, दिवसातून थोडा थोडा वेळ पालथे ठेवून खेळवावे. त्याने मानेला आणि खांद्यांना बळ येते. हे पालथे ठेवणे जागेपणीचे आहे, झोपेतले नव्हे, हा भेद ध्यानात ठेवावा.

तिसरी गोष्ट लोड आणि पाळण्याच्या कडेची मऊ झालर. बाळ पडू नये, कडेला आपटू नये, म्हणून आपण ती लावतो. प्रत्यक्षात बाळ सरकत जाऊन त्याच मऊ भागात तोंड खुपसते. अमेरिकेत २०२२ मध्ये कायदा करून पाळण्याच्या कडेच्या जाड गादीपट्ट्यांवर आणि दहा अंशांहून अधिक उताराच्या झोपण्याच्या साधनांवर बंदी घातली गेली. ज्या वस्तू तेथे विकण्यास मनाई आहे, त्यांच्यासारख्या वस्तू आपण येथे भेट म्हणून का द्याव्यात?

चौथी झोळी. साडीची झोळी ही आपल्या मातीतली, बिनखर्चाची सोय आहे आणि तिच्यात बाळ लवकर शांत होते हे खरे. परंतु झोळीत बाळाचे शरीर धनुष्यासारखे वाकते आणि मान पुढे झुकते. थोडे मोठे झालेले मूल त्यात उठू पाहते, गिरक्या घेते आणि साडीचा पीळ गळ्याभोवती बसतो. अशा दुर्घटना आपल्या देशातील वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. रडणाऱ्या बाळाला शांत करण्यासाठी झोळी हलवावयाची असेल तर मोठ्या माणसाने शेजारीच बसावे, आणि डोळा लागताच बाळाला उचलून सपाट अंथरुणावर ठेवावे. मोठ्या भावंडाच्या हाती झोळीची दोरी देऊन स्वयंपाकघरात जाऊ नये.

पाचवा पाळणा. आजोबांचा सागवानी पाळणा माळ्यावरून काढून नातवासाठी सजवणे, यात केवढा आनंद आहे! तो जरूर घ्यावा, पण प्रतिलेखन करून. दोन गजांमधील अंतर सहा सेंटिमीटरहून अधिक नसावे, नाही तर बाळाचे अंग त्यातून सरकते आणि डोके अडकते. कड्या, साखळ्या आणि आढ्याचा हूक भार देऊन तपासावा. खिळे वर आलेले नसावेत. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा पोपडे सुटत असतील तर तो रंग तज्ज्ञाकडून काढून घ्यावा. झोका हलका असावा आणि बाळ निजल्यावर पाळणा स्थिर करावा. बाळ कूस वळू लागले किंवा हातांवर रेटा देऊन छाती उचलू लागले, की पाळण्याचे दिवस संपले असे समजून त्याला खाली, सुरक्षित जागी निजवावे.

सहावी मच्छरदाणी. डेंग्यू आणि हिवताप यांपासून संरक्षण हवेच, तेव्हा मच्छरदाणी आवश्यक. ती ताणून बसलेली आणि बाळाच्या हातापासून दूर असावी. बाजारात छत्रीसारख्या मिळणाऱ्या जाळीबरोबर फोमची मऊ गादी आणि उशी शिवलेली असते. जाळी घ्यावी, पण ती गादी आणि उशी टाळावी.

सातवी गोष्ट गळ्यातील आणि हातातील दोरे. दृष्ट लागू नये म्हणून काळा दोरा, हौसेने सोन्याची साखळी, कोणी ताईत बांधतो. श्रद्धेचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. निजताना गळ्यात काहीही असू नये, एवढीच विनंती. टोपड्याचा आणि कुंचीचा बंद गळ्याखाली बांधून बाळाला झोपवणेही योग्य नाही. पाळण्यावर टांगलेल्या चिमण्यांचे दोरे बाळाच्या हाताला लागतील इतके खाली नसावेत.

ऊब आणि शेगडी

बाळाला ऊब हवीच. विशेषतः कमी वजनाच्या बाळाला थंडी बाधते. पण ऊब देण्याच्या आपल्या काही रीती तपासून पाहावयास हव्यात. बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून दारे-खिडक्या लावून घेणे धोक्याचे आहे. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याचा वास येत नाही, आणि बंद खोलीत तो आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. धुरी देण्याने बाळाच्या श्वसनमार्गाला त्रास होतो. आणि ज्या खोलीत बाळ असते, तेथे विडी-सिगारेटचा धूर तर अजिबात नसावा. झोपेतील अचानक मृत्यूच्या कारणांत धूम्रपानाचा वाटा मोठा मानला जातो.

उबेचा खरा उपाय आईच्या अंगाची ऊब हा आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियाच्या बोगोटा शहरात उबवणीपेट्या अपुऱ्या पडत होत्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्यास सुरुवात केली. कांगारू मातृसेवा म्हणून ती पद्धत आज जगन्मान्य आहे. भारतासह पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा बाळांना जन्मानंतर लगेच आईजवळ ठेवल्याने मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटल्याचे आढळले. मात्र त्या वेळी आई जागी असावी, किंवा तिच्याजवळ कोणी जागे असावे.

अंगावरच्या कपड्यांविषयी सोपा नियम असा, की आपण जेवढे कपडे घातले आहेत त्याहून एक थर अधिक. बाळाच्या मानेमागे किंवा छातीवर हात लावून पाहावा. ओलसर घाम लागला तर थर कमी करावा. हातपाय किंचित गार असणे स्वाभाविक आहे. घरात निजताना डोके झाकण्याची गरज नसते, कारण अतिउष्णता हाही धोकाच आहे. दुपट्यात गुंडाळावयाचे असेल तर छातीशी घट्ट आणि पायांशी सैल गुंडाळावे. बाळ वळण्याची चिन्हे दिसू लागली की गुंडाळणे थांबवावे.

आईजवळ, पण आपल्या जागी

पाश्चात्त्य डॉक्टर बाळाला वेगळ्या खोलीत ठेवावयास सांगतात, असा आपल्याकडे गैरसमज आहे. वस्तुतः किमान पहिले सहा महिने बाळ आई-वडिलांच्या खोलीतच असावे, परंतु त्याची निजण्याची जागा स्वतंत्र असावी, असा त्यांचा सल्ला आहे. आईच्या हाताच्या अंतरावर बाळाची जागा असली की रात्री पाजणे सोपे होते, आणि स्तनपानाने बाळाचे रक्षणच होते.

आपल्या घरांत बाळ आईच्या कुशीत निजते, ही शतकांची रीत आहे, आणि दोन खोल्यांच्या घरात स्वतंत्र पाळणा नेहमी शक्य नसतो, हे मी जाणतो. पाजता पाजता आईला डुलकी लागणेही अगदी स्वाभाविक आहे. तेव्हा निदान काही गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. मऊ गादी आणि रजई त्या अंथरुणावर नसावी. बाळाला आई-वडिलांच्या मध्ये किंवा मोठ्या भावंडाशेजारी निजवू नये. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये फट नसावी, कारण बाळ त्यात घसरते. घरात धूम्रपान करणारे कोणी असेल, आई झोपेची गुंगी आणणारे औषध घेत असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल किंवा चार महिन्यांच्या आतील असेल, तर त्याची जागा वेगळी करावीच. आणि सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बाळाला छातीवर घेऊन झोपणे हे सर्वांत घातक. ही सूचना आजोबांसाठी विशेष आहे, कारण दुपारी नातवाला घेऊन सोफ्यावर लवंडण्याचा मोह आपल्यालाच अधिक होतो.

लग्नकार्यात आणि यात्रेतही हेच तारतम्य ठेवावे. मंगल कार्यालयात गाद्यांच्या चळतीवर, सामानाच्या गराड्यात बाळ निजवलेले आपण पाहतो. त्यापेक्षा कोपऱ्यात जमिनीवर सतरंजी घालून, शेजारी एक जाणते माणूस बसवावे. मोटारीतील बाळाची खुर्ची प्रवासासाठी असते, मुक्कामी पोहोचल्यावर झोपलेल्या बाळाला तीतून काढून सपाट जागी ठेवावे.

कापडाविषयी थोडे

हा माझा व्यवसाय, म्हणून दोन शब्द अधिक. बाळासाठी सुती कापडच उत्तम. सॅटिन आणि पॉलिएस्टर घाम शोषत नाहीत. रेशीम आणि पिसांच्या उशा तर आपण अहिंसेच्या दृष्टीनेही टाळाव्यात. नव्या कापडाला खळ असते, तेव्हा पहिल्या वापरापूर्वी ते दोनदा धुऊन कडक उन्हात वाळवावे. आजीच्या जुन्या सुती लुगड्याची दुपटी करण्याची आपली रीत शास्त्रशुद्ध आहे, कारण अनेक धुण्यांनी ते कापड मऊ झालेले असते आणि त्यात खळ उरलेली नसते. गादीवरची चादर चारही बाजूंनी खाली खोवलेली किंवा कडेला इलॅस्टिक घातलेली असावी, ती सुटून तोंडावर येता कामा नये. मेणकापड किंवा रबरी शीट घातली तर ती चादरीच्या खाली, घट्ट बसवलेली असावी. नव्या गादीचे प्लॅस्टिकचे वेष्टन पहिल्याच दिवशी काढून टाकावे. आणि सर्व कापड स्वच्छ असावे, कारण आपल्या देशात नवजात बालकांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मवेळी गुदमरणे यांच्याबरोबर जंतुसंसर्ग हेही आहे.

ट्रस्टपुढील प्रस्ताव

फिनलंड या देशाने १९३८ मध्ये गरीब मातांसाठी एक योजना आरंभली आणि १९४९ पासून ती सर्व मातांसाठी खुली केली. गर्भारपणी वेळेवर तपासणी करून घेणाऱ्या प्रत्येक मातेला सरकारतर्फे एक पुठ्ठ्याची पेटी दिली जाते. तीत बाळाचे कपडे आणि एक छोटी घट्ट गादी असते, आणि ती पेटीच अनेक बाळांची पहिली शय्या होते. भेटीला आरोग्याच्या तपासणीची जोड देण्याची ही कल्पना मला फार उपयुक्त वाटली.

त्यास अनुसरून माझा प्रस्ताव असा आहे. ट्रस्टच्या बाळंतविड्यात उशी, लोड, रजई आणि झालर असू नये. त्याऐवजी एक घट्ट, सपाट गादी, तिच्या मापाच्या तीन सुती चादरी, सहा दुपटी, गळ्याशी बंद नसलेली चार झबली, आणि एक मच्छरदाणी असावी. सोबत मोठ्या अक्षरांत छापलेले एक पत्रक असावे आणि ते बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेतलेले असावे. हा विडा गर्भारपणाच्या सातव्या महिन्यात द्यावा, म्हणजे जागेची तयारी बाळ येण्यापूर्वी होईल. केंद्र सरकारच्या २०११ पासूनच्या योजनेनुसार आशा कार्यकर्त्या पहिल्या ४२ दिवसांत घरी येऊन बाळाची पाहणी करतात. ज्या वस्त्यांत त्या येतात, तेथे त्यांचे आदराने स्वागत करावे आणि बाळाची निजण्याची जागा त्यांना दाखवावी.

देणगीदारांपैकी काहींना हा विडा साधा वाटेल. सॅटिनच्या संचापेक्षा तो कमी उठून दिसेल, हे खरे. खर्चाचा हिशेब मी मांडला, तेव्हा उशी-लोडांचे वाचलेले पैसे चांगल्या गादीत आणि चादरीत बसतात असे दिसले. दानाचे मूल्य घेणाऱ्याच्या हितावर ठरते, हे आपल्याला पूर्वाचार्यांनीच शिकवले आहे.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा : आमची मुले याच उशांवर, याच झोळीत वाढली, त्यांना काय झाले? जी वाढली ती आपल्यासमोर आहेत, म्हणून आपण असे म्हणू शकतो. जी गेली, त्यांच्याविषयी घरात कोणी बोलत नाही, आणि त्या काळी दैवाला बोल लावण्यापलीकडे कोणाच्या हाती काही नव्हते. आज ज्ञान उपलब्ध आहे. ज्ञान उपलब्ध असता त्याकडे पाठ फिरवणे, यालाच शास्त्र प्रमाद म्हणते.

महावीर जन्मकल्याणकाच्या दिवशी आपण मोठ्या भक्तिभावाने पाळण्याची दोरी हाती घेतो. त्या क्षणी प्रत्येकाच्या मनात माता त्रिशलेचे वात्सल्य उभे राहते. तोच भाव घरातील पाळण्याजवळ जागा ठेवावा, एवढी माझी प्रार्थना. आज घरी गेल्यावर ज्यांच्या घरात तान्हे बाळ आहे, त्यांनी त्याच्या अंथरुणाजवळ पाच मिनिटे उभे राहावे. बाळ पाठीवर आहे का, जागा सपाट आहे का, गादी घट्ट आहे का, उशी-लोड-दोरा काही उरले आहे का, एवढे पाहावे. आणि सुनेला किंवा लेकीला सांगावे, की डॉक्टरांनी जे सांगितले तसे कर, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. बाळ अपुऱ्या दिवसांचे किंवा आजारी असेल तर अर्थातच आपल्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द अंतिम मानावा.

ट्रस्टची पुढील पन्नास वर्षे ज्यांच्या हाती जाणार आहेत, ती आज कोठे तरी झोपलेली आहेत. त्यांची झोप सुखाची आणि निर्धोक असो.  माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडं.

जय जिनेंद्र.